दुसरी प्रागा

प्रिय ओल्डा,

तुझा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. खरं सांगायचं तर बोलावंसंही वाटलं नाही. "आणखी एक आठवडा, इथल्या पोरांना या गाडीचे गिअर टाकता येत नाहीत," असं तू म्हणालास. मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. सीमेवर ट्रक तुझ्या त्या मेकॅनिक मित्राच्या, ओस्तापच्या ताब्यात द्यायचा आणि रविवारी जेवायला घरी यायचं, असं ठरलं होतं आपलं. मी बदक भाजलं होतं. ते शेवटी शेजारच्या हावेलच्या कुत्र्याने खाल्लं.

कोठारात गेलं की तुम्ही दोघं अजून तिथेच आहात असं वाटतं. लष्कराने मोडीत काढलेली ती सहा चाकी ट्रकगाडी, प्रागा, तू आणलीस आणि ओस्तापने तिची चासी कापून आखूड केली. मागच्या चाकांची एक जोडीच काढून टाकली, का तर दगडखाणीतल्या स्पर्धेत रोवलेल्या खांबांमधून ती वळली पाहिजे. क्लबातले हसायचे, "ओल्डाने गाईची शेळी केली." पण त्याच शेळीने तुला बक्षिसं मिळवून दिली. तुझ्या शेजारी बसून राद्का "डावीकडे, बाबा, अजून डावीकडे" म्हणून ओरडायची. ट्रक इतका कलायचा की तिच्या खिडकीतून नुसती जमीन दिसायची. मी डोळे मिटायचे. ती कधीच मिटत नसे.

मग ओस्तापच्या देशात लढाई सुरू झाली आणि तो तिकडे परत गेला. पुढच्या वसंतात त्याचा फोन आला. चिखलात रुग्णवाहिका रुतताहेत, जखमी माणसं तशीच पडून राहतात, म्हणाला. "तुझी प्रागा असती तर काढली असती रे बाहेर." त्या दिवशी तू सूपही संपवलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून तू दोघांनी मिळून केलेलं सगळं उलटं करायला लागलास. चासी पुन्हा लांब, चाकांची जोडी पुन्हा खाली, वर स्ट्रेचर ठेवायला सांगाडा. ताडपत्री मी शिवली, आणि मनापासून शिवली. मला वाटलं होतं, ट्रक जाईल. तू जाशील असं नव्हतं वाटलं.

पबमध्ये हावेल विचारतो, "ओल्डा शिकवतोय की स्वतःच चालवतोय?" मी म्हणते, शिकवतोय. तू मला सांगितलंस, फांदी लागून समोरची काच फुटली. इतकी वर्षं ट्रकवाल्याशी संसार केलाय मी. फांदीने काच कशी फुटते ते मला माहीत आहे.

हावेलच्या गोठ्यामागे जी दुसरी प्रागा गंजत पडली होती, ती राद्काने ओढून आपल्या कोठारात आणली. मला वाटलं, मे महिन्यातल्या स्पर्धेसाठी असेल. बरं वाटलं, पोरगी कशात तरी गुंतली. मग एक दिवस जेवायला बोलवायला गेले, तर चासी होती तेवढीच लांब, आणि वर तसाच स्ट्रेचरचा सांगाडा उभा राहत होता. मी विचारलं, "ही कधी कापणार?" ती म्हणाली, "आई, स्पर्धेला कुणी एवढी लांब गाडी नेतं का?" आणि वेल्डिंगची काच पुन्हा डोळ्यांवर ओढली.

मी रडले, भांडले, ओल्डा. किल्ली लपवली, तर तिने तारा जोडून इंजिन सुरू केलं. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबांनी समोर उभं राहून सांगितलं तर ऐकेन. फोनवर नाही."

म्हणून हे पत्र मी टपालात टाकलं नाही, तिच्याच जाकिटाच्या खिशात घातलंय. तू हे वाचतोयस म्हणजे पोरगी नीट पोचली. ती आत्ता तुझ्यासमोरच असेल, आणि आपलं लक्षच नाही असं दाखवत असेल. आधी तिला खायला घाल, मग रागाव. पण तू तिथेच राहून तिला 'घरी जा' म्हणशील, तर ती जाणार नाही. तुझीच मुलगी आहे ती. मी तुला परत बोलावलं नव्हतं, आता बोलावतेय. ओस्तापला दोन्ही ट्रक लागतील, ते त्याला राहू देत. तुम्ही दोघं बसने या.

तुझीच,
ब्लाझेना