या वॉर्डात मुंग्या नाहीत

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की साष्टांग घातला तर पाय दाराबाहेर जातात, म्हणून पलंगावर पालथा पडूनच घातला. गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला? मी खुशाल आहे, म्हणजे ताप, नाडी सगळं ठीक. फक्त भीती वाटते आणि ती मोजायचं यंत्र इथेही नाही. फोन केला की आई तुझ्या हातातून काढून घेते, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. वाचून पुसून टाक.

परदेशात, मुलांच्या वॉर्डात सहा आठवडे डॉक्टरकी शिकायला मिळणार म्हणून तुम्ही सगळ्या नातेवाइकांना कळवलंत. इथे आल्यावर लक्षात आलं की मुलांच्या वॉर्डात मुलं असतात. मोठं माणूस रक्त देताना भिंतीकडे बघतं; मूल आपल्या तोंडाकडे बघतं, आणि माझ्या तोंडावर सगळं छापलेलं असतं. कुठलंही यंत्र वाजलं की मी आधी स्वतःची छाती चाचपतो. मोठ्या सिस्टरच्या बुटांचा आवाजच येत नाही, त्यामुळे ती मागेच उभी आहे असं धरून चालतो. (असतेच.)

चार नंबरच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी आहे. दिवसभर डावा कान धरून बसलेली असते. सोमवारी तिच्या कानाचं ऑपरेशन आहे, पण शुक्रवारपर्यंत रक्त तपासलं गेलं नाही तर ही तारीख जाईल आणि पुढची दोन महिन्यांनी. मोठे डॉक्टर मला म्हणाले, तू काढ. मला तुझं वाक्य आठवलं. तुझ्या दवाखान्यात मला गुडघ्याखाली दाबून सुई टोचताना तू म्हणायचीस ना, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल." तेच मी इथल्या भाषेत करून सांगितलं. बाकी सगळं जमलं, फक्त "सारखं" राहिलं. म्हणजे मी हातात सुई घेऊन, हसऱ्या चेहऱ्याने तिला म्हणालो की घाबरू नकोस, आता तुला मुंगी चावेल.

"कुठेय?" तिने विचारलं. इथे गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "छोटीशी आहे, दिसणारसुद्धा नाही."

दहा मिनिटांत आठही खाटांवरच्या मुलांनी पाय वर घेतले. एका आईने लेखी तक्रार केली. सफाईवाले टॉर्च घेऊन खाटांखाली सरपटले. शेवटी दारावर पाटी लागली, 'या वॉर्डात मुंग्या नाहीत'. ती वाचून, आतापर्यंत शांत होती ती दोन मुलंही रडायला लागली.  

तेव्हापासून ती मुलगी कुणालाच हात लावू देत नाही. काल मात्र तिने अट घातली: आधी तुला चावू दे, मी बघणार. मी हसण्यावारी नेत होतो, तेवढ्यात मागून (सांगितलं ना) मोठी सिस्टर म्हणाली, "बरं झालं. याची लस तीन आठवडे राहिलीच आहे." मावशी, पहिल्या आठवड्यात मला सर्दी होती. दुसऱ्या आठवड्यात ती होईलसं वाटत होतं. आता शुक्रवारी सकाळी दहाला आधी मी, मग ती. मी पळालो तर तिची तारीख जाते आणि ती दोन महिने कान धरून बसते, म्हणजे पळताही येत नाही. तुला माझा इतिहास ठाऊक आहे. नऊ वर्षांचा असताना मी वजनकाट्यामागे लपलो होतो आणि तुला, काकांना व कंपाउंडरला मिळून ओढावं लागलं होतं. कॉलेजात जातानाची लससुद्धा तूच टोचलीस. आजवर मला दुसऱ्या कुणाच्या हातची सुई लागलेलीच नाही.

काकांना नमस्कार. भीती सोडून बाकी सर्व क्षेम.

तुझा,
भाचा

ता. क. आईला मी सांगितलंय की पहिल्याच दिवशी तीन मुलांचं रक्त काढलं. तिने विचारलं तर हो म्हण.

ता. क. २. खरं काम हे की ते मुंगीचं वाक्य तुझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून शुक्रवारच्या आत पाठव. त्याआधी "हात सैल सोड, मेल्या" म्हणून दरडावतेस, तेही राहू दे. त्याशिवाय माझा हात सैल पडत नाही.

ता. क. ३. संध्याकाळी त्या मुलीने विचारलं, तुला भीती वाटते का? मी नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा कापडी ससा माझ्या बाजूला सरकवला. मग विचारलं की ही मुंगी मुळात कुणाची? माझ्या मावशीची, मी म्हणालो. तिने तुला निरोप दिलाय: पाठवण्याआधी मुंगीला पोटभर खाऊ घाल, म्हणजे हळू चावेल.