वर माळवद नव्हतं

माय, बर्फाचे डोंगर पाण्यावर तरंगताना बघून आले. एकेक आपल्या गावच्या देवळाएवढा. तुझा नातू, माझा थोरला, आता परमुलखात इंजिनियर आहे, त्याने नेलं. त्या देशाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही म्हणून लिहीत नाही. तू बर्फ बघितलास तो औशाच्या बाजारात, रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. लेकरांसाठी त्याचा तुकडा पदरात बांधलास आणि घरी येईस्तोवर नुसता पदर ओला. बा तुला लई हसला होता.

फिरायची हौस म्हणून गेले नाही. तू गेल्यावर मी लातुरात आले आणि क्लासच्या पोरांसाठी खानावळ घातली. पास झालेलं पोरगं पेढे घेऊन येतं. नापास झालेलं डबासुद्धा परत करायला येत नाही, तो मला त्याच्या खोलीवर जाऊन आणावा लागतो. यंदा तसा डबा माझ्याच घरात राहिला. माझ्या लेकीची पोरगी माझ्याजवळ राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करत होती. दुसऱ्यांदा निकाल लागला आणि तिने बोलणं टाकलं. रडली असती तर चार शिव्या घालून गप केलं असतं. रडतही नाही. ताटावर बसते, भाकरी मोडते, मोडतच राहते. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू आहेत. जावई लोह्याहून आला आणि म्हणाला, अजून एक वर्ष बसवू. मी म्हणलं, तुम्हीच बसा की, खोली हाय. तो चहा न पिता गेला. मग थोरला म्हणाला, दोघी इकडे या, जरा हवापालट होईल. मी जन्मात विमान बघितलं नव्हतं, पण तिच्या तोंडातून एक शब्द निघत असता तर पायी गेले असते.

ते डोंगर तरंगतात त्या तळ्यात उघड्या नावेतून नेतात. गारठ्याने दात वाजत होते. बर्फ निळा, कुणी धोतराला नीळ जास्त घातल्यासारखा. नाववाल्याने पाण्यातला एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. थोरला म्हणाला, "माय, हजार वर्षांचा बर्फ हाय ह्यो." मी म्हणलं, मग शिळाच की. तो हसला. पोरगी हसली नाही. ती पाण्याकडे अशी बघत होती की मी तिच्या जाकिटाची कड मुठीत धरून बसले.

तेवढ्यात आवाज झाला. आधी खालून घरघर, मग काडकन. तोच आवाज, माय. समोरचा डोंगर मधोमध फाटला, आडवा झाला, नाव डुलायला लागली. मला काही सुधरलं नाही. पोरीचं मनगट धरलं आणि ओरडले, "भाईर निघ, भाईर निघ." हे तुझे शब्द. भूकंपाच्या त्या पहाटे दोन लेकरांसगट मला दारातून ढकललंस, एवढंच म्हणालीस, आणि तुझ्यावर घराचं दगडामातीचं माळवद आलं. मी तुझंच करायला गेले. पण तिथं दार कुठलं? पोरीला ओढत मी नावेच्या काठाशी गेले, एक पाय वर टाकला. त्या पाण्यात तिला घेऊन पडले असते. थोरल्याने कमरेला मिठी मारून मला खाली बसवलं. तेव्हा पोरगी बोलली. हळू, जशी लहान लेकराला समजावते तशी. "आज्जी, आपण भाईरच हाव की. वर माळवद न्हाई."

तेवढंच. पुढचा शब्द येईल म्हणून मी परतीच्या वाटेवर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आला नाही. लातुरात येऊनही आला नाही. माय, तुला दार दिसत होतं. कुठून काढायचं, कुठं ढकलायचं, तुला ठाऊक होतं. ही उघड्यावर बसली आहे आणि दबलेली आहे. दगड असते तर नखांनी उकरले असते, तुझ्यासाठी उकरले तसे. हिच्यावरचं मी काय उचलू? कुठं धरून ओढू? तुझ्या त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं जगले, आणि ते हिच्या कामाचे नाहीत.

हे पत्र जाणार कुठं? जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत. ज्वारीच्या डब्यात टाकून देईन. एक मात्र सांगते. भूकंपानंतर आपल्याकडे सगळे तांब्यावर तांब्या रचून निजायचे, धरणी हलली की ते पडून जाग यावी म्हणून. मी अजून रचते. शेजारीण टोमणा मारते, म्हणते, आजी, भूकंप तुमचा पत्ता विसरला आता. मी म्हणते, सवय गं. पण सवय उशाशी रचायची होती. आता ते तांबे मी रात्री पोरीच्या खोलीच्या उंबऱ्यावर रचते.