युकुलेलेला राहूकाळ

तिरुवल्लिकेणी, चेन्नई

ती. अलकाताईस धाकट्या उमाकांतचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील. नसतील तर शेक घे आणि मगच पुढचं वाच, कारण मी भयंकर चिडलोय. काय तो तुझा कालचा निरोप? झेपत नसेल तर सांग, ऊर्मीसाठी बाजारातून आणू! ताई, ज्या माणसाचा जन्म रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कचेरीत गेला, त्याला चार तारांचं, गिटारच्या पिल्लासारखं एक युकुलेले वेळेत बनवता येऊ नये? तुझ्या नातीला मी वाढदिवसाचा शब्द दिलाय. ती पोर रोज फोनवर विचारते, “उमाआजोबा, गाडी कुठवर आली?” आपल्या आजोबाची गाडी कधी लेट होत नाही अशी तिची खात्री आहे. त्या खात्रीला मी बाजारात नेऊ?

वेळापत्रक मी मे महिन्यातच चोख आखलं होतं. कडा कधी वाकवायच्या, पाठ कधी चिकटवायची, कुठे किती थांबा, सगळं. चुकलं ते या शहराचं. व्हिडिओतला माणूस (तो कुठल्यातरी कोरड्या देशातला असावा) म्हणतो, सरस रात्रीत वाळतो. इथे रात्रीत बनियन वाळत नाही! दमट हवेने पाठीची फळी पुरीसारखी फुगली, म्हणून घरातली एसीची एकुलती एक खोली मी लाकडाला दिली. आम्ही दोघं हॉलमध्ये पंख्याखाली झोपतो. (मधुवंती माझ्याशी बोलत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.)

कारण असं. आतल्या पट्ट्या चिकटेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागतात, आणि भरपूर लागतात. ते मी गच्चीच्या दोरीवरून काढून आणले. दोरीवर कपडे होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समुद्राचा वारा सुटला आणि तिची इरकली साडी समोरच्या मॅन्शनमध्ये बिनलग्नाच्या पोरांच्या गॅलरीत जाऊन पडली. ती मागून आणायलाही मीच गेलो, त्याचं कौतुक नाही.

त्यात खालच्या मजल्यावरचे बालाजीराव. तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचे, माणूस सोन्यासारखा. फळी धरायला तेवढेच एक येतात, पण राहूकाळ लागला की हात काढून घेतात, आणि हा राहूकाळ रोज असतो! परवा निम्मा सरस लावून झाला होता, तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं. “राहूकाळम् लागलें हो, उमाकांतराव. थांबावें.” आणि ते चक्क घरी गेले. मी ब्रश हातात धरून उभा, आणि सरस वाटीतच वाळला. (वाटीत मात्र तो वाळतो.) आता आडी महिना लागलाय, त्यात इकडे नवं काम धरत नाहीत. मान बसवणं हे नवं काम की जुनं, यावर त्यांचं चिंतन चालू आहे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

मी धुकं, संप, रुळावरच्या म्हशी, सगळं जमेला धरून गाड्या आखल्या, पण राहूसाठी कधी गाडी थांबवली नाही. पंचांग हा वेळापत्रकाचा शत्रू आहे, हे माझं मत घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखव. आणि बाजाराचं नाव पुन्हा काढू नकोस. भाऊजींना नमस्कार, ऊर्मीला पापा.

तुझा (अजून न निवळलेला)
उमाकांत

ता. क. मान बसलेली नाही. पाच ऑगस्ट मला गाठता येत नाही, ताई. पोरीचा फोन आला की मी पंखा मोठा करतो आणि ऐकू येत नाही म्हणतो. फार वाईट वाटतं.

आणखी ता. क. पंचांगाबद्दलचं वाचून दाखवू नकोस. बालाजीरावांनी काल राहूकाळात (तेव्हा ते मोकळे असतात) ऊर्मीची जन्मतिथी काढली. श्रावण शुद्ध त्रयोदशी. यंदा अधिक महिना येऊन गेल्यामुळे ती तारखेच्या चांगली तीन आठवडे पुढे गेली आहे. तोवर आडीही संपतो. तेराव्या महिन्याला मी उगाच नावं ठेवली. तेव्हा आपल्या घरात वाढदिवस तिथीनेच करायची जुनी रीत आहे, असं सूनबाईंना आजच सांग. (नाहीये, मला ठाऊक आहे.) आणि ऊर्मीला म्हणावं, आजोबाची गाडी अगदी वेळेवर आहे. वेळ तेवढी बदललीय.