सासऱ्यांचं नाव

३ फेब्रुवारी १९६४, सोमवार. फ्रुंझे

मिळाली! फळ्यावर नव्या नाटकातल्या भूमिकांची यादी लागली. मी मुद्दाम खालून वाचत गेले. शेजारीण, टपालवाली, दुसरी शेजारीण — कुठेच नाही. वाटलं, गेलं. मग सगळ्यात वर बघितलं. नायिका: बुरुल. मी! दिग्दर्शक जानगाझी आगाय बाजूने जाता जाता म्हणाले, तोंड पुष्कळ बघितलं तुझं, आता आवाज ऐकू दे.

खरंच आहे ते. दोन वर्षांपूर्वी सिनेमा केला, पण तिकडे मॉस्कोत कुणा बाईने माझी सगळी वाक्यं रशियनमध्ये बोलून टाकली. बाजारात बायका ओळखतात, बोट दाखवतात, आणि मी कोबीचा भाव विचारला की म्हणतात, अगंबाई, आवाज असा आहे होय! नाटकात चार वर्षं ‘पाहुणे आले’ आणि ‘चहा ओतू का’. पंचवीस वर्षांची झाले. आता नाही तर कधीच नाही.

घरी येऊन संहिता उघडली. नायिकेचा नवरा लढाईवर जातो, तिकडेच मरतो. तिसऱ्या अंकात ती तंबूत बसून त्याचा कोशोक, मेलेल्यासाठीचा विलाप, गाते — त्याचं नाव घेऊन, हेल काढून. नऊ वेळा नाव. मोजलं मी.

तेमिरबेक.

माझ्या सासऱ्यांचं नाव. लिहितानासुद्धा दाराकडे बघितलं.

४ फेब्रुवारी

लग्नाला तीन वर्षं झाली. हे नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आडनाव माझ्या नवऱ्याच्या, मेदेरच्या, आजोबांचं, म्हणून कचेरीत तरी सुटका! आणि नुसतं नावच नाही — तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून आमच्या घरात लोखंडाला लोखंड म्हणायचं नाही. ‘कठीण’ म्हणायचं. कठीण कढई, कठीण खिळा. रेल्वेला सगळं गाव लोखंडी वाट म्हणतं, आमच्याकडे ती कठीण वाट. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

नाव एक वेळ घेता येईल. काम आहे म्हणून सांगेन, कान पकडेन. पण रडायचं कसं? सासरे गेले असं कुठे ठरलंय? बेचाळीसच्या हिवाळ्यात ते कठीण वाटेने लढाईवर गेले. शेजारीपाजारी मृत्यूचे काळे कागद आले, आमच्याकडे आला तो ‘ठावठिकाणा नाही’ असा. सासूबाई म्हणतात, यांना सापडत नाही, त्यात माझ्या माणसाचा काय दोष? बावीस वर्षं वाट बघतायत. जिवंत माणसाचा कोशोक गायचा म्हणजे त्याला हाताने पुरायचं. मला भीती वाटते. त्यांची वाटते आणि त्या गाण्याचीही वाटते.

७ फेब्रुवारी

पहिलं वाचन. फजिती! वाक्य होतं, ‘तो लोखंडी वाटेने गेला, त्याच वाटेने येईल.’ मी काय म्हणावं? ‘तो कठीण वाटेने गेला.’ माझ्या लक्षातही आलं नाही! आगाय कागदावर बोट फिरवत शोधायला लागले, ही कठीण वाट कुठे लिहिलीय म्हणून. पुरुषांना काही उमगलं नाही. लग्न झालेल्या दोघी नटींनी मात्र रुमालात तोंड खुपसलं. पुढे नाव आलं तिथे मी ‘मोठ्या घरचे’ म्हणून मोकळी झाले. सगळं टेबल हसलं. मीही हसले.

१० फेब्रुवारी

धीर करून विचारलं — नाव बदलता येईल का? आगाय म्हणाले, लेखकाच्या थोरल्या भावाचं नाव आहे, तोही परत आला नाही. जा, तूच सांग त्याला बदल म्हणून. मी गेले नाही.

वर म्हणतात, रंगमंचावर तू कुणाची सून नाहीस. बोलायला काय जातंय! यांची स्वतःची बायको सासूसमोर अजून डोक्यावरचा रुमाल सावरते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंनी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले. गुरुवारचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो. तळता तळता आपल्या आईचं, वडिलांचं, धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. मग झारा ठेवला. सासऱ्यांसाठी तळत नाहीत — जिवंत माणसाला कशाला वास? मी कणकेचा हात तसाच धरून उभी. म्हणाल्या, हल्ली जेवत नाहीस, दिवस गेलेत का? नाही म्हटलं. मग नाटकाने खाल्लंय तुला, म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत चार बोरसोक जास्त टाकले.

एवढ्या चांगल्या वागतात, त्याचाच जास्त त्रास होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेदेर डोंगरातल्या रस्त्याच्या कामावरून आला. सासूबाई शेजारी गेल्या तेव्हा सगळं सांगून टाकलं. त्याने बूट पुसायला घेतले. मग म्हणाला, एकदा म्हणून दाखव. काय? नाव. मला जमेना. उठून चहाच ओतून घेतला.

तेव्हा म्हणाला, ‘आई घेत नाही. तू घेत नाहीस. मी बाबा म्हणतो. या घरात ते नाव मी कधी ऐकलेलंच नाही, बुरुल.’

अंगावर काटा आला. पण लगेच पुन्हा बूट हातात घेतला — आईला कळू देऊ नकोस म्हणजे झालं. पाच वर्षांचा होता, वडील गेले तेव्हा. त्याला फक्त त्यांच्या मिशा आठवतात.

२१ फेब्रुवारी

आमच्या थिएटरातल्या सालकिनला माझी सगळी वाक्यं पाठ झाली आहेत. पडद्यामागे उभी राहून ओठ हलवते, मला दिसतं. वीस वर्षांची, लग्न नाही. तिला काय! लोखंडाला लोखंड म्हणते. आज आगाय सगळ्यांदेखत म्हणाले, पहिल्या मार्चला नाव ऐकू आलं नाही तर आठला सालकिन उभी राहील. आठ मार्च म्हणजे महिला दिन, पहिला प्रयोग, सिनेमाच्या स्टुडिओचा माणूस यायचाय. पुढच्या चित्रपटासाठी बघणार आहे.

घरी आरशासमोर प्रयत्न केला. ‘तेमि—’ पर्यंत आले. अंगणात बादली वाजली आणि तोंडावर हात ठेवला.

२७ फेब्रुवारी

कळलं त्यांना.

सासूबाई काम करतात त्या लोकरी नमद्यांच्या कारखान्यात कुणीतरी सांगितलं — तुझी सून नाटकात रडणार आहे, त्यातल्या नवऱ्याचं नाव काय ठेवलंय माहितीय ना? सासूबाई आल्या, कोट न काढताच बसल्या.

‘खरं का?’

‘खरं, एने.’

‘नाव घेऊन रडतेस?’

‘अजून घेतलं नाही. ओठांपर्यंत येतं.’

‘मग तिथेच राहू दे.’ आवाज जराही चढवला नाही. ‘त्यांच्या आईला मरताना मी सांगितलंय, तुमचा लेक येईल तेव्हा चूल पेटलेली असेल. बावीस वर्षं जपलंय मी त्यांना. आणि तू टाळ्यांसाठी एका संध्याकाळी त्यांना मातीत घालणार?’

म्हणायचं होतं — टाळ्यांसाठी नाही. पण तेही खरं कुठे होतं! टाळ्या हव्यातच मला. माझा आवाज लोकांनी ऐकायला हवाय. हे त्यांना कसं सांगू?

१ मार्च

नाव घेतलं. डोळे मिटून, एका दमात, नऊच्या नऊ वेळा. आगाय म्हणाले, शाळेत हजेरी घेतात तसं घेतेस. पण ठेवलं मला. सालकिन रडली.

दुसरं भांडण तोंडावरून. कोशोक गाणारी बाई दाराकडे पाठ करते, तंबूच्या भिंतीकडे तोंड. लहानपणापासून हेच बघितलं. आगाय म्हणतात, लोकांनी काय तुझ्या वेण्या बघायला तिकीट काढलंय? तोंड प्रेक्षकांकडे हवं. बरं म्हटलं. एवढ्या मोठ्या पापापुढे हे काय!

७ मार्च

उद्या. सासूबाई चहापुरतंच बोलतात. तिकीट खुर्चीवर ठेवलं होतं, दोन दिवस तिथेच आहे. येऊ नयेत. येऊ नयेत!

९ मार्च

आल्या.

कारखान्यातल्या बायकांबरोबर, तिसऱ्या रांगेत. पांढरा सणाचा रुमाल. दुसऱ्या अंकात दिसल्या मला आणि पुढची दोन वाक्यं मी कशी बोलले कोण जाणे.

तिसरा अंक. तंबू. मी कमरेवर हात ठेवून बसले, तोंड प्रेक्षकांकडे, ठरल्याप्रमाणे. समोर त्यांचा पांढरा रुमाल. तोंड उघडलं, आवाज नाही. कडेच्या पडद्यामागून आगाय काहीतरी पुटपुटत होते. सासूबाईंच्या तोंडावर ते नाव घेणं माझ्याच्याने होईना. मी वळले. सगळ्या थिएटरकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड. आणि मग आलं! कुठून आलं? नऊ वेळा की कितीदा घेतलं, मोजलं नाही. माझ्या आजीने आजोबांसाठी रडावं तसं मी ओळखही नसलेल्या त्या माणसासाठी रडले. मागे कुणीतरी हेल काढला, मग दुसरीने, मग रांगाच्या रांगा. त्या हॉलमध्ये कुणाचा माणूस परत आलाय?

वळून बघितलं तेव्हा तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

टाळ्या पुष्कळ झाल्या. आगाय आधी चिडलेले होते, नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवला. स्टुडिओचा माणूस आत येऊन म्हणाला, यापुढे आवाज तुझाच. हे ऐकायला मी चार वर्षं थांबले होते, आणि मी त्याला विचारलं, पांढरा रुमाल बांधलेली बाई बाहेर दिसली का?

रात्री घरी आल्याच नाहीत. सकाळी शेजारीण म्हणाली, माझ्याकडे झोपल्या होत्या, आज पहाटेच्या बसने गावी गेल्या, भावाकडे. माझ्यासाठी काही निरोप? नाही.

१० मार्च

मेदेर आला. कुणीतरी रस्त्यावरच त्याला सांगितलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू माझ्या वडिलांना पुरलंस.’ मग घोटभर चहा घेतला आणि सरकवून ठेवला.

मी माहेरी जायचं गाठोडं बांधायला घेतलं. त्याने जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. मग गावाहून मामांचा माणूस आला — दोघांनी उद्या या. एवढंच. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. सगळ्या नातेवाइकांसमोर विचारणार. पायांवर डोकं ठेवेन. नाटक सोड म्हणाल्या तर? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

११ मार्च

मामांच्या अंगणात पांढरा तंबू उभारलेला, मयताच्या घरी उभारतात तसा. मेदेरने तो बघितला आणि त्याचे पाय तिथेच थांबले. मामांनी त्याच्या हातात काठी दिली — तिच्यावर टेकून लेकाने बाहेर उभं राहून बापासाठी रडायचं.

मी आत गेले. सासूबाई काळा रुमाल बांधून, दाराकडे पाठ करून बसलेल्या. ते नाव घेत होत्या — खणखणीत, पुन्हा पुन्हा. मला बघून जरा सरकल्या.

‘बस इथे,’ म्हणाल्या. ‘तुला येतं.’