मोरीतल्या मुळ्या
नांदुरा, मंगळवार संध्याकाळ

मोरी मोकळी झाली एकदाची. आमचे हे अ‍ॅसिड ओतायला निघाले होते, स्वस्त पडतं म्हणून. मीच अडवलं. चिनी मातीचा जुना पाइप, त्याचे सिमेंटचे सांधे अ‍ॅसिडनं सुटले तर सगळी फरशी उखडावी लागेल. मग प्लंबर बोलावला. त्यानं तार घालून फिरवली, तर कडुनिंबाच्या मुळ्यांचा हा झुपका बाहेर!

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "माह्या डोक्याच्या तेलानं नाही तुंबली ना व?"

"नाही हो आई, मुळ्या होत्या."

म्हणून त्या इतके दिवस डोक्यावरून न्हात नव्हत्या? मला कसं कळलं नाही?

मुळ्या पुन्हा येतील. पाइप बदलायचा खर्च आहेच. पण आज त्यांनी डोक्यावरून भरपूर पाणी घेतलं आणि आतून हाक मारली, "पाठ चोळून दे व!"