झेंडी आडवी कोण करणार?

पनवेल, गुरुवार

आदरणीय आपा,

धाकट्या नियाजचा झुकून सलाम. दुल्हाभाईंनाही सलाम सांगा आणि त्यांचा खोकला आता कसा आहे ते कळवा. नव्या तेलाने तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल अशी दुआ करतो. इकडे आम्ही सगळे खैरियतने आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणाल तर गेल्या रविवारपासून माझा जीव टांगणीला लागला आहे आणि दारावर कुणी टकटक केली तरी छातीत धस्स होतं.

फोन का केला नाही म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाही (ही तक्रार नाही, अल्ला तुमची जीभ अशीच सलामत ठेवो), आणि ही हकिगत पहिल्या वाक्यात मावणारी नाही. म्हणून उरणहून दुकानाची सुकी मासळी आणणाऱ्या काळूरामच्या टेम्पोतून ही चिठ्ठी पाठवतो. काळूराम म्हणजे तोच, ज्याच्या मुलीच्या लग्नात चिरनेरला वाढप्या जिलेबीचा आग्रह थांबवेना तेव्हा तुम्ही त्याचं मनगट धरून ताट त्याच्याच हातात दिलं होतंत. तो अजून ते सांगून हसतो. मी तेव्हा लाजेने मांडवाच्या मागे गेलो होतो, हे तुम्हाला आठवत नसेल तर बरंच.

तर आपल्या अल्फियासाठी रोडपालीच्या अबरारशेठच्या आदिलचा रिश्ता आला, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा दोह्याला नोकरीला, सध्या सुट्टीवर आलेला, बोलायला नरम, मोठ्यांसमोर मोबाइल उलटा ठेवणारा. अल्फियाला तो पसंत आहे. तिने तोंडाने काही सांगितलं नाही, पण आदिलचं नाव निघालं की ती उठून पाणी प्यायला जायची, आणि त्या दिवसांत पोरगी इतकं पाणी प्यायली की शेवटी आसिया मला म्हणाली, अहो, हो म्हणून टाका. फक्त दोन्ही घरांनी एकत्र बसून जेवायचं राहिलं होतं. आसियाच्या मनात घरीच दस्तरखान अंथरून सांदणं आणि पापलेटचं कालवण करायचं होतं, पण आदिलचा निरोप आला की चाचींना त्रास नको, आपण बाहेर भेटू. बाहेर म्हणजे खांदा कॉलनीच्या बाजूला झालेलं ते नवीन बडं हॉटेल. (नाव इंग्रजी आहे, लिहायला गेलो तर चुकेल. देशभर त्यांची अशीच हॉटेलं आहेत म्हणे, सगळीकडे तेच जेवण, तीच गाणी आणि तीच थंडी.) दावत अर्थातच आपली, मुलीकडच्यांची. तुम्हाला बोलावलं नाही ते निव्वळ तुमच्या गुडघ्यांमुळे. हॉटेल वरच्या मजल्यावर आहे.

पहिली भीती वासाची. जन्म बोंबील आणि सुकटीत गेलेला माणूस मी, माझ्या नाकाला आता काही कळत नाही. म्हणून दोनदा आंघोळ केली, अत्तर लावलं, पुन्हा लावलं, आणि गाडीत बसल्यावर अल्फिया खिडकी खाली करून बसली तेव्हा कळलं की आता दुसऱ्याच कारणाने मान खाली घालायची वेळ आली. आत गेलो तर काळोख. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असताना पैसे देऊन लोक काळोखात का बसतात, हे मला समजलं नाही. हलाल आहे ना, हे मी दरवाज्यावर विचारलं, बसताना विचारलं आणि पाणी आणणाऱ्यालाही विचारलं, तेव्हा आसियाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

टेबलाच्या मधोमध भोक, आपा! त्या भोकात पेटते निखारे आणून ठेवतात. माणसं जेवायला बसलेली आणि त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर आग. अबरारशेठची दाढी तुम्ही पाहिलेली नाही. मेहंदी लावलेली, छातीपर्यंत येणारी, मोठी रुबाबदार दाढी आहे. ते बोलण्याच्या ओघात पुढे झुकले की माझा श्वास अडकायचा. होणाऱ्या समधीची दाढी आपल्या दावतीत पेटली तर पुढे कुठलं लग्न आणि कुठलं काय! मी सगळा वेळ हातात पाण्याचा पेला धरून बसलो होतो. आदिलच्या अम्मीला वाटलं मला फार तहान लागते.

आता खरी गोष्ट. टेबलावर एका छोट्या काठीवर छोटीशी झेंडी लावलेली असते. कीर्ती नावाची मुलगी (छातीवर नाव लिहिलं होतं, वागायला फार अदबीची) येऊन समजावून गेली की झेंडी उभी आहे तोवर आम्ही वाढत राहणार, पुरे झालं की झेंडी आडवी करा. एवढं साधं. समोरच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी ती कितीदा तरी आडवी केली, पुन्हा उभी केली, हसली, खेळली. पण आपल्या लोकांचं कसं, ते तुम्हाला मी काय सांगू? पहिल्या दावतीत पाहुण्याने बस म्हटलं, तर जेवण आवडलं नाही. यजमानाने हात आखडता घेतला, तर रिश्ता नको. घरी ही अडचण येत नाही, कारण कधी ना कधी डेग रिकामी होते, बायका आतून खूण करतात आणि दोन्ही बाजूंची सुटका होते. इथे डेगच नाही. भिंतीमागे कुठेतरी भटारखाना आहे आणि तो संपतच नाही! मी झेंडीला हात लावला तर पाहुण्यांना उठा म्हटल्यासारखं, आणि अबरारशेठनी लावला तर आमचं अन्न नाकारल्यासारखं. हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं. आमची नजरानजर झाली, दोघेही हसलो, आणि माझ्या अंगावर काटा आला.

बरं, जेवण तरी खाण्यासारखं असावं! सळईला टोचलेलं अननस. भाजलेला बटाटा. कोंबडी अशी कोरडी की घास गिळताना डोळे बाहेर यावेत. कोळंबी म्हणून जे आणलं त्याहून मोठा माल माझ्या दुकानात सुकटीच्या पोत्यात सापडेल. आणि मासा, आपा! त्या मुलीने नाव सांगितलं बासा. आपले बाबा उरणच्या बंदरावर मासळीच्या व्यापारात म्हातारे झाले, त्यांनी कधी बासा नावाचा मासा पाहिला नाही. काटा नाही, कातडं नाही, वास नाही, चव तर नाहीच. अबरारशेठनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि वा म्हणाले. मग मलाही वा म्हणावं लागलं. आमचं वा ऐकून कीर्तीने आणखी आणलं.

फेरीवर फेरी चालू राहिली. अबरारशेठना साखरेची बिमारी आहे, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम फुटला, तरी ते खात होते, आणि ते खात होते म्हणून मी खात होतो. मधेच वरच्या एसीचा झोत आला आणि झेंडी आपोआप पडली. काय सांगू, टेबलावरच्या प्रत्येक माणसाने डोळे मिटून शुक्र अदा केला. आणि माझा हात, हा माझा नालायक हात, सवयीने पुढे झाला आणि म्हणाला, अरे अरे, पडली वाटतं, आणि त्याने ती पुन्हा उभी केली. आसियाने माझ्याकडे जसं पाहिलं तसं तिने आजवर कधी पाहिलेलं नाही. इतक्यात पाठीमागून दहाबारा वेटर टाळ्या पिटत, थाळ्या वाजवत आमच्याकडे धावत आले. मला वाटलं झालं, आता धरून बाहेर काढतात. ते शेजारच्या टेबलावरच्या हेतल नावाच्या बाईच्या वाढदिवसाला चालले होते. पण तोवर मी उभा राहून हात जोडले होते.

मी बसलो तर अबरारशेठचा चेहरा पांढराफटक. सळईवरचा बासा त्यांच्या हातात तसाच थरथरत होता, खाली दाढी आणि त्याखाली निखारे. आणि आपल्या अल्फियाने हात पुढे केला, झेंडी काठीसकट काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. म्हणाली, बस झालं अब्बा, चाचांना त्रास होतोय. भर मजलिसमध्ये, होणाऱ्या सासऱ्यासमोर, लग्नाची मुलगी! अबरारशेठनी सळई खाली ठेवली, तोंड पुसलं आणि निघतो म्हणाले. जिन्यापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून त्यांच्याकडून फोन नाही. मी करायचा म्हणून नंबर काढतो आणि फोन पुन्हा खिशात ठेवतो. मोहल्ल्यात काय बोलणं चालू असेल त्याची भीती वाटते, पोरगी तोंडाळ आहे असं त्यांनी ठरवलं असेल याची भीती वाटते, आणि सगळ्यात जास्त भीती अल्फियाची वाटते. ती रडत नाही, चिडत नाही. काल आसियाने मुद्दाम आदिलचं नाव काढलं, तर ती जागची उठलीसुद्धा नाही. माझ्यामुळे तिचं वाटोळं झालं असेल तर मी कुणाला तोंड दाखवू? तुम्ही दुआ करा. आणखी काही मागायचं नाही.

तुमचा भित्रा भाऊ,
नियाज

ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा फाडलं. आत्ता आदिलच्या अम्मीचा आसियाला फोन आला. अबरारशेठ रविवारपासून इसबगोल आणि पेजेवर आहेत. फोन केला नाही तो शरमेने. त्यांना वाटतंय, मुलीकडच्यांचं आपण इतकं खाल्लं की शेवटी पोरीला उठून थांबवावं लागलं, आता ते रिश्ता मोडणार. म्हणजे इतके दिवस आम्ही त्यांना घाबरत होतो आणि ते आम्हाला! वर आदिलच्या अम्मी म्हणाल्या की लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याचा ताटावरचा हात थांबवायला बघताहेत, जमलं नाही, तेव्हा ही मुलगी आम्हाला लवकर द्या. अल्फियाने हे ऐकलं आणि पाणी प्यायला गेली. अजून आली नाही.

दुसरा ता. क. घात झाला. अबरारशेठनी आपली इज्जत परत मिळवायला येत्या रविवारी आम्हाला दावत दिली आहे. त्याच हॉटेलात. या वेळी मनसोक्त जेवायचं, असं बजावलं आहे. अल्फिया झेंडीला हात लावणार नाही, आता ती होणारी सून म्हणून मान खाली घालून बसणार, असा आसियाचा हुकूम आहे. आसिया स्वतः लावणार नाही. माझ्याबद्दल तुम्हाला माहीतच आहे.

तिसरा आणि शेवटचा. आपा, तुम्ही रविवारी या. काळूराम टेम्पोत पुढे बसवून आणेल. गुडघ्यांची काळजी करू नका, हॉटेलात लिफ्ट आहे. गेल्या खेपेलाही होती. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बस म्हणाल या भीतीने बोलावलं नाही. आता फक्त तेवढंच म्हणायला या.