चौथा रकाना

४ जानेवारी, रविवार
संकल्प. इंग्रजीतल्या टोकाच्या क्रियाविशेषणांवर पुस्तिका लिहायची. ॲब्सोल्यूटली, टोटली, कम्प्लीटली, एन्टायरली, अटरली. लोक हे शब्द चव न बघता मीठ घालावं तसे घालतात. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासताना मी ते खोडत आले. निवृत्तीनंतर लिहायला घेईन म्हणाले होते. निवृत्तीला चार वर्षं झाली. मार्चअखेर पुस्तिका हातावेगळी करणार.

नमुन्यासाठी लांब जायला नको. लेक दुसऱ्या शहरात जाहिरातीच्या ऑफिसात आहे. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन येतो. तिचं एक वाक्य टोकाला गेल्याशिवाय संपत नाही. पुस्तिकेचं तिला ठाऊक आहे, पण तिचे शब्द मोजतेय हे सांगायचं नाही, नमुना बिघडतो.

नोंदवही आखली. चार रकाने: तारीख, शब्द, किती वेळा, कशासंबंधी. चौथा जरा अरुंद झाला. चालेल.

११ जानेवारी, रविवार
टोटली सहा, ॲब्सोल्यूटली चार, कम्प्लीटली दोन. बावीस मिनिटांत बारा. फार भरभर बोलते, त्यामुळे चौथा रकाना राहिला. दुपारी आठवून भरेन.

जिन्यात तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई भेटल्या. लेक कशी आहे, विचारलं. मी म्हटलं, बारा. त्या बघतच राहिल्या.

जुन्या चादरीचे उशीचे दोन अभ्रे शिवायला दिले. दुसऱ्या खोलीत कुणी झोपत नाही, पण अभ्रे जोडीनेच शिवायचे असतात.

१८ जानेवारी, रविवार
सतरा! त्यांतले नऊ कम्प्लीटली. आवाज जरा बसल्यासारखा होता, सर्दी असावी. विषय ऑफिसचा. मध्येच थांबून तिने विचारलं, आई, तुला काय वाटतं? माझ्या दोन खुणा राहून गेल्या होत्या. मी म्हटलं, शेवटचं वाक्य पुन्हा सांग, सावकाश. तिने सांगितलं, पण या वेळी कम्प्लीटली गाळून. एक खूण खोडावी लागली. सोळा.

मी "बरं" म्हणून समारोप केला. तिला धीर आला असावा. माझा आवाज मुळातच धीर देणारा आहे.

२१ जानेवारी, बुधवार
जुन्या छापखान्यात गेले. मालकांना पहिली दोन पानं दाखवली. ते म्हणाले, छान आहे, आणि चष्मा काढून लेकीची चौकशी करत बसले. लहानपणी ती शाळा सुटल्यावर इथे यायची आणि मी प्रुफं संपवेपर्यंत कागदांच्या गठ्ठ्यांवर झोपून जायची, याची त्यांना आठवण. मला पान दोनवर मत हवं होतं. माणसं मुद्द्यावर टिकत नाहीत.

२५ जानेवारी, रविवार
आज अटरली मिळाला! बोलण्यात हा फार दुर्मिळ. वाक्य जसंच्या तसं: "आई, मी अटरली थकलेय गं."

मी लगेच समजावलं, की थकले म्हटलं की पुरतं, पुढे अटरली जोडल्याने थकवा वाढत नाही. तिला पटलं असावं. मग म्हणाली, "बरं, ठेवते."

फक्त नऊ मिनिटं. नमुना लहान, पण दर्जेदार.

१ फेब्रुवारी, रविवार
अकराला पेन्सिलला टोक करून बसले. साडेअकराला दुसऱ्या पेन्सिललाही केलं. फोन नाही. लाइन बिघडली असणार. त्याच फोनवरून तक्रार केली. तिथली मुलगी म्हणाली, लाइन परफेक्टली ओके आहे. नोंद केली नाही. ती माझ्या नमुन्यात बसत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
एकटं राहण्याचा मोठा फायदा म्हणजे शांतता. आज दिवसभरात मी बोललेले शब्द दोन: "अर्धा लिटर." त्यातही एक जास्तच. दूधवाल्याला माहीत आहे.

पुस्तिका अजून पान दोनवर.

८ फेब्रुवारी, रविवार
फोन नाही. मी करणार नाही. तिने करायचा, मी घ्यायचा, अशी पद्धत आहे. पद्धत मोडली की सगळंच ढिलं पडतं. दोनपर्यंत फोनजवळ बसले, पण ते खुर्ची तिथे आहे म्हणून.

१० फेब्रुवारी, मंगळवार
शिलाईवाल्या बाई एकच अभ्रा घेऊन वर आल्या. दाराशीच म्हणाल्या, लेकीचा त्यांना फोन आला होता. आईची तब्येत बरी आहे ना, ऐकू नीट येतं ना, असं विचारत होती. पोरीची नोकरी डिसेंबरातच गेली. महिनाअखेरीला राहती खोलीही सोडायची आहे. चार-सहा महिने घरी येऊ का, असं तिने आईला दोनदा विचारलं. आता मैत्रिणीकडे जाते म्हणाली.

मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे.

त्या हातातल्या अभ्र्याकडे बघत होत्या. "मग ताई, दुसरा शिवू की नको?"

शिवा म्हटलं.

त्या गेल्यावर नोंदवही उघडली. १८ जानेवारी. कम्प्लीटली नऊ, एक खोडलेला. चौथा रकाना कोरा. ११ जानेवारीचाही कोरा. २५ चाही. फक्त अटरलीपुढे माझ्या अक्षरात: उत्तम नमुना.

१५ फेब्रुवारी, रविवार
अकराला मीच फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं: घरी ये, खोली रिकामी आहे. बोलताना "अगदी रिकामी आहे" असं झालं. मग पुन्हा एकदा "अगदी" म्हणाले. कागदावर नव्हतं.

ती म्हणाली, "नको आई, सोय झालीय. मी ठीक आहे." मग तुझी पुस्तिका कुठवर आली, ते विचारलं. मी सांगितलं, जवळजवळ झाली.

एक मिनिट दहा सेकंद. टोटली शून्य. ॲब्सोल्यूटली शून्य. कम्प्लीटली शून्य. फार सावकाश बोलली. चौथा रकाना भरायला आज वेळ होता. अरुंद असूनही मावलं: ठीक आहे.